हलके विमान, मोठा वेग: खाजगी वैमानिकाने युरोपीय अल्ट्रालाइट कसे उडवावे

सेस्ना १७२ या नेहमीच्या शिकाऊ विमानावर शिकून खाजगी वैमानिकाचा परवाना मिळवलेला माणूस पहिल्यांदा शार्क, व्हीएल-३, डायनॅमिक किंवा ब्लॅकशेप प्राइम अशा अल्ट्रालाइट, म्हणजे अतिहलक्या विमानाजवळ उभा राहतो, तेव्हा त्याला ते खेळण्यासारखे वाटते. शेपटीला धरून एकट्याने मागे ढकलता येते, पंख कमरेच्या उंचीवर असतात आणि इंजिन अवघ्या १०० अश्वशक्तीचे असते. तरीही १८० अश्वशक्तीची सेस्ना ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जात असताना हे विमान सहज २५० ते २७० ने जाते. इंधनही बरेच कमी लागते: सेस्नाला तासाला ३० लिटरहून अधिक, तर याला साधारण १८ ते २० लिटर, आणि तेही मोटारीचे साधे पेट्रोल.

ही किमया कार्बन फायबरची आहे आणि स्लोव्हाकिया, चेकिया, स्लोव्हेनिया व इटली या देशांतील ग्लायडर बांधण्याच्या जुन्या सवयीचीही आहे. मी दक्षिण जर्मनीत राहतो आणि गेली काही वर्षे अशी विमाने उडवतो. सेस्नावरून इकडे येताना काय नव्याने शिकावे लागते आणि कोणत्या क्रमाने, ते या लेखात मांडले आहे. प्रशिक्षक आणि विमानाची उड्डाणपुस्तिका यांना हा लेख पर्याय नाही. पुढे दिलेले वेगाचे आकडे अंदाज यावा म्हणून आहेत. प्रत्यक्षात आपल्या विमानाच्या पुस्तिकेतला आकडाच धरावा.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका नसावा. मुंबईच्या आरोही पंडित यांनी २०१९ साली स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीच्या सायनस या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर पार केला. स्कॉटलंडमधील विकहून आइसलंड आणि ग्रीनलंडमार्गे त्या कॅनडातील इकालुइटला पोचल्या. त्याच कंपनीची व्हायरस जातीची १९४ विमाने भारताने २०१५ साली मागवली होती आणि एनसीसीच्या हवाई शाखेतील छात्र त्यांवर उडतात. शार्कबद्दल सांगायचे तर, बेल्जियन-ब्रिटिश झारा रदरफर्ड या १९ वर्षांच्या तरुणीने त्यातून ऑगस्ट २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात एकटीने जगप्रदक्षिणा पूर्ण केली. एवढ्या लहान विमानाची पोच किती असते, हे त्यावरून कळते.

कायद्याच्या दृष्टीने हे विमान काय आहे

सुरुवात इथूनच करावी, कारण परवाना, विमा, वजन आणि परदेशात जाण्याची मुभा हे सगळे याच उत्तरावर ठरते. युरोपीय संघाच्या २०१८/११३९ या मूळ विमाननियमाच्या पहिल्या परिशिष्टात काही विमाने संघाच्या सामाईक नियमांतून वगळून त्या त्या देशाच्या हवाली केली आहेत, आणि अल्ट्रालाइट त्यांपैकी एक. जमिनीवरून उडणाऱ्या दोन आसनी विमानासाठी जुनी मर्यादा ४५० किलोची होती, विमानालाच पॅराशूट बसवले असेल तर ४७२.५ किलोची. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो वेग, ३५ नॉट, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरहून अधिक असता कामा नये, अशीही अट होती. २०१८ च्या नियमाने देशांना ही मर्यादा ६०० किलो आणि ४५ नॉट, म्हणजे ताशी ८३ किलोमीटरपर्यंत वाढवण्याची मुभा दिली. जर्मनीने २०१९ च्या सुरुवातीला ती घेतली, ब्रिटनने संघाबाहेर पडल्यावर २०२१ मध्ये तशीच मर्यादा आणली, आणि फ्रान्स पॅराशूटसह ५२५ किलोंवर थांबला.

यातून दोन गोष्टी निघतात आणि नवखे वैमानिक दोन्हींबाबत फसतात. पहिली अशी की नियम बदलला म्हणून हँगरमधले जुने विमान आपोआप ६०० किलोचे होत नाही. त्या विशिष्ट विमानाला निर्मात्याने आणि प्रमाणित करणाऱ्या संस्थेने जे वजन मंजूर केले आहे, तेच त्याचे वजन. दुसरी अशी की युरोपीय पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचा परवाना, खिशात असला तरी अल्ट्रालाइट उडवण्याचा हक्क त्यातून आपसूक मिळत नाही. जर्मनीत त्यासाठी हवाई क्रीडा-साधनांचा वेगळा परवाना लागतो आणि तो डीयूएलव्ही किंवा डीएईसी या संघटनांमार्फत मिळतो. फ्रान्समध्ये यूएलएमचा (तिथे अल्ट्रालाइटला हेच नाव) स्वतंत्र परवाना आहे, तर ब्रिटनमध्ये पीपीएलधारकाला फरक शिकवणारे प्रशिक्षण पुरते. भारतातून आलेल्या वैमानिकाने डीजीसीए या भारतीय विमान-प्राधिकरणाचा परवाना दाखवून इथे विमान भाड्याने घ्यायला जाऊ नये. आधी स्थानिक परवान्याची वाट धरावी.

वजनाचा हिशेब, अगदी किलोपर्यंत

सेस्नामध्ये दोघेजण बसून टाकी भरली की वजनाचा विचार फारसा करावा लागत नाही. इथे तो प्रत्येक उड्डाणाला करावा लागतो, आणि प्रामाणिकपणे करावा लागतो. समजा, आपले विमान ४७२.५ किलोच्या वर्गातले आहे. माहितीपत्रकात त्याचे रिकामे वजन २८० किलो छापलेले असते. पण प्रत्यक्षात कॉकपिटमधला दुसरा स्क्रीन, ऑटोपायलट, चामड्याची आसने, पात्यांचा कोन बदलता येणारा प्रोपेलर आणि आत जाणारी चाके असे करत करत ते ३०५ वर गेलेले असते. उरले १६७.५ किलो. त्यात ८२ आणि ७० किलोची दोन माणसे बसली की १५.५ किलो उरतात. पेट्रोलची घनता लिटरला साधारण ०.७३ किलो धरली तर २१ लिटर पेट्रोल भरता येते. तासाला १९ लिटर खर्च धरला तर ते एक तास सहा मिनिटे पुरते. त्यातून अर्ध्या तासाचा राखीव साठा वजा केला की हाती उरतात ३६ मिनिटे, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. बॅग घरी ठेवावी लागते, हे वेगळे.

हेच विमान ६०० किलोंना मंजूर असेल आणि मजबुतीकरणामुळे त्याचे रिकामे वजन ३४० किलो झाले असेल, तर २६० किलो हाताशी राहतात. त्याच दोन माणसांनंतर १०८ किलो उरतात, त्यांत ८० लिटर पेट्रोलचे ५८ किलो गेले तरी ५० किलोंची मोकळीक राहते आणि चार तासांहून अधिक उडता येते. म्हणून विमान भाड्याने घेताना किंवा विकत घेताना पहिला कागद मागावा तो शेवटच्या वजनमापाचा, आणि तो किती जुना आहे तेही पाहावे. ४७२.५ च्या विमानात दोन धट्टीकट्टी माणसे आणि भरलेली टाकी घेऊन जाणारे लोक युरोपभर दिसतात आणि ‘सगळेच करतात’ असे सांगतात. अपघातानंतर विमा कंपनीला हे वाक्य ऐकवून पाहावे. कायदा बाजूला ठेवला तरी स्टॉलचा वेग, चढण्याचा दर, पंखांवरचा ताण आणि पॅराशूटची क्षमता हे सारे त्या मंजूर वजनावरच मोजलेले असते.

वजनाइतकेच ते कुठे बसते यालाही महत्त्व आहे. शार्क किंवा ब्लॅकशेपमध्ये आसने एकामागे एक असतात, त्यामुळे मागे माणूस बसला की गुरुत्वमध्य मागे सरकतो. मग स्टिक, म्हणजे हातातला नियंत्रणदांडा, आणखी हलकी होते आणि नाक वर-खाली होण्याची चपळाई वाढते. एकट्याने शंभर तास उडवलेले विमान मागे पहिला प्रवासी घेतल्यावर वेगळे वाटते, ते यामुळे. पहिल्यांदा मागे प्रशिक्षकच बसलेले असावेत.

उड्डाणापूर्वी: रोटॅक्सची रीत

या विमानांतले इंजिन बहुतेक वेळा ऑस्ट्रियातील गुन्सकिर्शन येथे बनणारे रोटॅक्स असते: ९१२ जातीचे ८० किंवा १०० अश्वशक्तीचे, अथवा टर्बो असलेले ९१५ जातीचे १४१ अश्वशक्तीचे. सेस्नाच्या इंजिनाच्या सवयी इथे लागू पडत नाहीत. हे लहान इंजिन मिनिटाला ५,००० हून अधिक फेरे घेते आणि गिअरबॉक्समधून प्रोपेलरचा वेग (१०० अश्वशक्तीच्या इंजिनात २.४३ पटींनी) कमी करते. सिलिंडरची डोकी पाण्याने थंड होतात आणि सिलिंडर हवेने. तेल इंजिनाखाली न साठता वेगळ्या टाकीत असते, म्हणून तेलाची कांडी सरळ काढून पाहिली तर आकडा खोटा येऊ शकतो.

त्यासाठी दोन्ही इग्निशन (ठिणगी देणाऱ्या यंत्रणा) बंद असल्याची खात्री करून, थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेऊन, प्रोपेलर हाताने त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवत राहावे. काही फेऱ्यांनंतर टाकीतून ‘गुड् गुड्’ असा आवाज येतो, तेव्हा इंजिनातले तेल टाकीत परतलेले असते. मग कांडी पाहावी. उलट दिशेने प्रोपेलर कधीही फिरवू नये, कारण तेलाच्या वाहिन्यांत हवा शिरते. हात फिरवता फिरवता प्रत्येक सिलिंडरचा दाब सारखा लागतो का, तेही कळते. माझ्या मते पूर्ण तपासणीत इंजिनाच्या प्रकृतीबद्दल सर्वांत जास्त सांगणारा हाच क्षण आहे आणि बरेच जण तो फोनवर बोलत उरकतात.

बाकी तपासणी नेहमीसारखीच आहे, पण तीन जागी अधिक थांबावे. कार्बन किंवा काचतंतूच्या सांगाड्याला आतून इजा झाली तरी बाहेरून ती दिसत नाही, त्यामुळे चाकांच्या मुळाशी, पंखांच्या जोडाशी आणि शेपटीजवळ रंगात केसासारखी रेघ दिसली तर ती नखाने खरवडून सोडून न देता जाणकाराला दाखवावी. पंख आणि शेपटीवरच्या हलत्या नियंत्रण-पृष्ठभागांच्या बिजागरींत ढिलाई आहे का, ते हाताने हलवून पाहावे; वेगात फडफड सुरू होण्याचे एक कारण हीच ढिलाई असते. तिसरी जागा पॅराशूटच्या रॉकेटची पिन. ती उड्डाणापूर्वी काढायची आणि उतरल्यावर पुन्हा घालायची, हे तपासयादीत पहिल्या व शेवटच्या ओळीवर असावे.

कार्बोरेटरचे इंजिन थंड असताना चालू करायचे तर चोक ओढून थ्रॉटल पूर्ण मागे ठेवावा, कारण थ्रॉटल थोडा जरी उघडा असला तरी चोक निकामी ठरतो. बॅटरी अशक्त असेल तर प्रोपेलर हळू फिरतो आणि ठिणगीच पडत नाही. सुरू झाल्यावर दोनेक मिनिटे २,००० फेऱ्यांवर आणि मग २,५०० वर तापू द्यावे, आणि तेल ५० अंश सेल्सिअसवर येईपर्यंत पूर्ण जोर देऊ नये. ४,००० फेऱ्यांवर एकेक इग्निशन बंद करून पाहावे: घट ३०० हून अधिक नसावी आणि दोन्हींतला फरक ११५ च्या आत असावा.

इंधनाबद्दल एक गोष्ट. शिसेयुक्त ॲव्हगॅस या इंजिनाला चालते, पण शिशाचा थर साचतो, म्हणून मुख्यतः त्यावर उडणाऱ्याने तेल २५ तासांनीच बदलावे. मोटारीचे पेट्रोल वापरले तर दमट, थंड दिवशी कार्बोरेटरमध्ये बर्फ धरण्याकडे आणि उन्हात तापलेल्या विमानात नळ्यांमध्ये वाफ अडकण्याकडे लक्ष ठेवावे. गरम दिवशी पेट्रोल भरून लगेच निघताना मी पूर्ण जोरावर काही सेकंद जमिनीवरच थांबतो आणि इंधनाचा दाब स्थिर राहतो का, ते पाहतो.

उड्डाण आणि चढण

आकडे पाहा: सेस्नात एका अश्वशक्तीमागे साधारण ६.४ किलो असतात, ४७२.५ किलोच्या विमानात ४.७. थ्रॉटल झटकन पुढे केला तर नाक डावीकडे ओढले जाते आणि चाके उचलण्याआधीच आपण धावपट्टीच्या कडेला असतो. म्हणून तीन-चार सेकंद घेत जोर वाढवावा आणि उजवा रडर, म्हणजे नाक उजवीकडे वळवणारे पायडल, आधीपासून तयार ठेवावा. स्टिक दोन बोटांनी धरावी. सेस्नाचे हँडल ज्या जोराने ओढतो त्या जोराने ही स्टिक ओढली तर विमान उसळते, घाबरून पुढे ढकलली तर नाक खाली जाते, आणि वर-खाली असा झोका सुरू होतो. तसे झाले तर स्टिक मध्यावर आणून स्थिर धरावी. दुरुस्त्या करत राहिल्याने झोके वाढतात.

विमान उचलल्यावर चाके आत घ्यायची घाई नको. पुढे उतरण्याजोगी धावपट्टी उरलेली नाही, अशी खात्री झाल्यावरच ती आत घ्यावीत. इंजिनाचे कमाल ५,८०० फेरे पाच मिनिटांपुरतेच मान्य आहेत, म्हणून सुरक्षित उंची आली की ५,५०० वर किंवा त्याखाली यावे. टर्बोच्या विमानात चढण्याचा कोन इतका उभा असतो की समोरचे काहीच दिसत नाही. दर पाचशे फुटांनी थोडे वळून समोर पाहून घ्यावे. याच अवस्थेत इंजिन बंद पडले तर वेग घसरायला दोन-तीन सेकंदही लागत नाहीत, कारण विमानाला स्वतःचा भार असा नाहीच. नाक आधी खाली, मगच बाकीचा विचार. हे हातांना शिकवायचे असेल तर प्रशिक्षकांसोबत उंचावर जाऊन त्याच उभ्या कोनात इंजिन मंद करून पाहावे.

वेगात उडताना

पाण्यासारख्या शांत हवेत २६० ने जाणे हा निखळ आनंद आहे. अडचण उन्हाळ्याच्या दुपारी येते. पंखाच्या एका चौरस मीटरवर किती वजन आहे, त्याला पंखभार म्हणू. साडेनऊ चौरस मीटरच्या पंखावर ४७२.५ किलो म्हणजे सुमारे ५० किलो. सेस्नाचा पंखभार ७१ च्या आसपास येतो. हवेचा तोच झोत हलक्या पंखभाराच्या आणि अधिक वेगाच्या विमानाला जास्त हादरवतो. वेगाचे १.२ पट आणि पंखभाराचे १.४ पट असा गुणाकार केला तर त्याच झोताने बसणारा धक्का सेस्नाच्या सुमारे १.७ पट होतो. ही विमाने बहुधा अधिक ४ आणि उणे २ जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटींत) एवढ्या ताणासाठी बांधलेली असतात. म्हणूनच वेगदर्शकावरचा पिवळा पट्टा फक्त शांत हवेसाठी असतो, आणि हवा उकळू लागली की वेग आपणहून कमी करावा. घड्याळात दहा मिनिटे वाढतात, एवढेच.

मी सोपा नियम पाळतो: डोके छताला लागेल असा पहिला धक्का बसला की थ्रॉटल मागे घेऊन हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर यायचे, आणि तिथेही धक्के चालू राहिले तर पुस्तिकेत दिलेल्या युक्तिचालनाच्या वेगाखाली, म्हणजे ज्या वेगापर्यंत नियंत्रण पूर्ण वळवले तरी सांगाडा तग धरतो त्याखाली. लक्षात ठेवावे की विमान जितके हलके, तितका हा वेगही कमी होतो; एकट्याने अर्ध्या टाकीवर उडताना पूर्ण वजनाचा आकडा वापरू नये.

उंचावर आणखी एक सापळा आहे. पंख किंवा शेपटी फडफडू लागण्याचा धोका हवेतल्या खऱ्या वेगाशी बांधलेला असतो, वेगदर्शकावर दिसणाऱ्या वेगाशी नव्हे. दहा हजार फुटांवर वेगदर्शक २६० दाखवतो तेव्हा खरा वेग ३०० च्या पुढे गेलेला असतो. साध्या इंजिनाचा जोर उंचीबरोबर कमी होत असल्याने ही अडचण पूर्वी फारशी जाणवत नसे, पण टर्बोची नवी इंजिने तिथेही दमदार राहतात. त्यामुळे कधीही न ओलांडण्याच्या वेगाचा उंचीनुसार तक्ता पुस्तिकेत असेल, तर तो डॅशबोर्डवर चिकटवून ठेवावा, आणि उंचावरून नाक खाली करताना थ्रॉटल आधी मागे घ्यावा.

हवामानाबाबत कायद्यात एक बोलका आकडा आहे. युरोपात हवाई वाहतूक नियंत्रणाखाली नसलेल्या हवाई क्षेत्रात, कमी उंचीवर, १४० नॉट किंवा त्याहून कमी वेगाने उडणाऱ्याला १,५०० मीटर दृश्यतेतही उडू दिले जाऊ शकते. आता १४० नॉट म्हणजे ताशी २६० किलोमीटर, सेकंदाला ७२ मीटर. म्हणजे दृश्यतेच्या त्या कडेला जे दिसेल ते २१ सेकंदांत आपल्या अंगावर आलेले असेल. या विमानाने मी पाच किलोमीटरखाली निघत नाही आणि ढग खाली येऊ लागले तर परततो. आल्प्सच्या बाबतीत आणखी एक स्वतःपुरती मर्यादा ठेवली आहे: कड्यांच्या उंचीवर वारा १५ नॉटहून जास्त असेल तर खिंडीकडे जायचे नाही. डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला जे भोवरे उठतात, त्यांत ५०० किलोचे विमान पाचोळ्यासारखे उडते.

उतरण्याची तयारी चाळीस किलोमीटर आधी

सेस्नावाल्याला सगळ्यांत जास्त वेळ लागतो तो इथे. ज्या विमानाचा स्टॉलचा वेग ६५ आणि प्रवासाचा वेग २६०, त्याला चारपट वेगातून खाली यायचे असते, आणि ज्या गुळगुळीतपणामुळे ते वेगात जाते त्याच गुळगुळीतपणामुळे ते थांबायला तयार नसते. पहिल्या वर्षी मी एका छोट्या गवती मैदानावर नेहमीच्या सवयीने दहा किलोमीटर अलीकडे उतरायला सुरुवात केली. नाक खाली केल्यावर वेग २७० वर गेला, थ्रॉटल पूर्ण मागे घेतला तरी २३० च्या खाली येईना, आणि सर्किटच्या, म्हणजे उतरण्यापूर्वी मैदानाभोवती मारायच्या फेरीच्या, उंचीवर पोचलो तेव्हा मैदान मागे पडले होते. रेडिओवर खालून कोणीतरी शांतपणे विचारले, “फक्त पाहायला आलात का?” चाके काढण्याच्या वेगापर्यंत यायला मला आणखी एक पूर्ण फेरी मारावी लागली.

तेव्हापासून हिशेब आधी करतो. ५,५०० फुटांवरून १,५०० वर यायचे तर ४,००० फूट. मिनिटाला ५०० फूट या दराने आठ मिनिटे. २६० च्या वेगाने तेवढ्या वेळात ३५ किलोमीटर जातात. त्यात वेग घटवण्यासाठी सपाट उडण्याचे पाच किलोमीटर मिळवावेत. म्हणजे मैदान ४० किलोमीटर दूर असतानाच थ्रॉटल हळूहळू मागे घ्यायला लागते. ‘एकतर खाली जा, नाहीतर हळू हो, दोन्ही एकदम होणार नाही’ हे माझ्या प्रशिक्षकांचे पालुपद होते.

सर्किटच्या उंचीवर सपाट येऊन, नाक किंचित वर धरून वेग उतरू द्यावा. चाके काढण्याची मर्यादा समजा १५० आहे. मग डाउनविंडवर (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना) ती मर्यादा गाठल्यावर आधी चाके, हिरवे दिवे मोठ्याने मोजून, मग फ्लॅपचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या भागाचा, पहिला टप्पा. चाके बाहेर आली की ती ब्रेकसारखीही उपयोगी पडतात. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या समोरच्या शेवटच्या टप्प्यात, दिवे पुन्हा पाहावेत. आत जाणारी चाके असलेल्या विमानाचा वैमानिक कधीतरी ती विसरतो, आणि बहुतेक वेळा तेव्हा, जेव्हा वर सांगितल्याप्रमाणे वेगाशी झगडण्यात त्याचे सारे लक्ष गेलेले असते.

फायनलचा वेग पुस्तिकेत बहुधा ताशी १०० ते १२० किलोमीटरच्या दरम्यान दिलेला असतो. ‘थोडा जास्त असलेला बरा’ असे म्हणत प्रत्येक जण त्यात दहा-पंधरा मिळवतो. समजा १०५ ऐवजी १२० ने आलो, तर गतिज ऊर्जा ३० टक्क्यांनी वाढते आणि गुळगुळीत विमान ती सोडायला तयार नसते. धावपट्टीवर दीड-दोन हात उंचीवर ते तरंगत राहते आणि चारशे मीटरच्या गवती पट्टीचा निम्मा भाग मागे निघून जातो. ते जबरदस्तीने खाली टेकवायला गेले की उडी घेते, आणि पुढचे नाजूक चाक मोडते. तरंगत अर्धी पट्टी गेली की निमूटपणे पूर्ण जोर देऊन गो-अराउंड करावा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावे. त्या वेळी हलक्या विमानाचे नाक एकदम वर उसळते, म्हणून स्टिक पुढे दाबून धरायची आणि ट्रिम (स्टिकवरचा ताण कमी करणारी सोय) सुधारायचा. फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर घ्यायचे. वारा झोताझोताने येत असेल तर झोतात वारा जितका वाढतो त्याच्या निम्मा वेग मिळवावा, त्याहून अधिक नको. आडव्या वाऱ्यात ही विमाने पटकन वाहवत जातात. आपली मर्यादा सुरुवातीला पुस्तिकेतल्या आकड्याच्या निम्मी ठेवून अनुभवाने वाढवावी.

पॅराशूट ओढण्याचा निर्णय

जर्मनीत तीन अक्षांवर नियंत्रित होणाऱ्या अल्ट्रालाइटला रॉकेटने उघडणारे पॅराशूट सक्तीचे आहे. ते केव्हा ओढायचे, हे जमिनीवरच ठरवून ठेवावे: सांगाडा मोडला, हवेत टक्कर झाली, विमान ताब्यात राहिले नाही, वैमानिकाला भोवळ आली, किंवा इंजिन बंद पडून खाली जंगल किंवा कडे असतील तर. मोकळे शेत दिसत असेल तर उतरणेच चांगले. क्रम असा: इंजिन बंद, कारण फिरता प्रोपेलर दोऱ्या कापतो, पट्टे घट्ट, मग मूठ पूर्ण ताकदीने, शेवटपर्यंत. उघडण्यासाठीच्या कमाल वेगाचा आणि किमान उंचीचा आकडा प्रत्येक पॅराशूटचा वेगळा असतो, तो पाठ असावा. प्रवाशालाही मूठ दाखवून ठेवावी; बोलू न शकणारा वैमानिक त्याला ते ऐनवेळी सांगू शकणार नाही. घडी आणि रॉकेट यांच्या मुदतीच्या तारखाही पाहाव्यात, कारण मुदत संपलेल्या पॅराशूटसह उडणे म्हणजे बेकायदा उडणे.

सीमा ओलांडताना, आणि उतरल्यावर

चारशे किलोमीटरचा टप्पा दीड तासात जात असल्याने दुसऱ्या देशात जेवायला जाणे हाच या विमानांचा खरा उपयोग, असे मला वाटते. परंतु ही विमाने राष्ट्रीय नियमांखाली येत असल्याने एका देशाचे प्रमाणपत्र दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. काही देश परदेशी अल्ट्रालाइटला सरळ येऊ देतात, काही आधी परवानगी मागतात, काही ठरावीक काळापुरतीच देतात. आणि ६०० किलोच्या विमानाला कमी मर्यादेच्या देशात वेगळी अट लागू शकते. त्यामुळे निघण्यापूर्वी त्या देशाच्या विमान-प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचे ताजे पान छापून सोबत ठेवावे, विम्याच्या कागदावर तो देश नावाने आहे का पाहावे आणि उड्डाण-आराखडा दाखल करावा. फक्त दिवसा आणि व्हीएफआरने, म्हणजे बाहेर पाहून उडायचे, ही अट सगळीकडे गृहीत धरावी. मार्गावर उड्डाण-माहिती सेवेशी रेडिओवर बोलत राहिल्याने मोठा आधार मिळतो; आपण वेगात असल्याने एका क्षेत्रातून दुसऱ्यात फार लवकर जातो, तेव्हा पुढची फ्रिक्वेन्सी आधीच लावून ठेवावी.

मुक्कामी पोचल्यावर इंजिन एखादे मिनिट मंद चालू ठेवून निवू द्यावे, मग दोन्ही इग्निशन बंद करावेत. पॅराशूटची पिन घालावी आणि तिची लाल पट्टी बाहेर लोंबती ठेवावी. मग फोन करून उड्डाण-आराखडा बंद करावा, नाहीतर आपण कॉफी पीत असताना शोधपथक निघते. वारा असेल तर विमान दोरांनी बांधल्याशिवाय जेवायला जाऊ नये. तीनशे किलोचे रिकामे विमान दुपारच्या एका वावटळीत उलटे झालेले मी पाहिले आहे, आणि त्याचा मालक पन्नास पावलांवर खुर्चीत बसला होता.